हवालदारसाहेबांचं कंडम बोर्ड

"मॅडम, डावा पाय आधी. उजवीकडं डबे हाएत. धक्का लागला तं समदी लाइन खाली येते."

मी डावा पाय आधी टाकला. पुढे हवालदारसाहेब, मध्ये मी, मागे त्यांच्या पत्नी कौशल्याबाई. त्या घरात एकामागे एक चालल्याशिवाय चालताच येत नव्हतं. दोन्ही बाजूंना छातीपर्यंत सामान आणि मध्ये एक बोळ. माझ्या पर्समध्ये मोजायची टेप असते. मी बोळ मोजला. दीड फूट.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. तेव्हा जालन्यात एका मानसोपचार तज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये काम करत होते. औषधं सर द्यायचे, बोलण्याची आणि सरावाची बाजू माझी. दोन हजार सालानंतरची दोन-चार वर्षं झाली असतील. पेशंटच्या घरी जाण्याची पद्धत आमच्याकडे फारशी नव्हती. पण हा पेशंट घरी गेल्याशिवाय कळणारा नव्हता, म्हणून मी सकाळच्या एसटीने हसनाबादला आले होते. नावं अर्थातच बदलली आहेत.

हवालदारसाहेब म्हणजे सखाराम. फौजेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली. रोज पहाटे दाढी, शर्टाला कडक इस्त्री, बुटाला पॉलिश. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं असा पसारा आळशी माणसाच्या घरात होतो. या माणसात आळस औषधालाही नव्हता. त्यांना एकच गोष्ट जमत नव्हती. घरात आलेली वस्तू घराबाहेर घालवणं.

याला आता साठवणुकीचा विकार म्हणतात. तेव्हा पुस्तकात त्याला वेगळं घर नव्हतं. ओसीडी म्हणजे मंत्रचळ, त्याच्याच पोटात तो धरत. टाकायची वेळ आली की पेशंटला खरोखर धडधडतं, घाम येतो. मग तो ठरवतो, आज नको, उद्या बघू. धडधड थांबते. थांबली म्हणून बरं वाटतं. आणि बरं वाटलं म्हणून तो पुढच्या वेळीही तेच करतो. अशी पंधरा वर्षं.

मी वहीत नोंद करत चालले होते. तेलाचे रिकामे डबे. सिमेंटच्या पिशव्या, घड्या घालून. सायकलचे टायर. जळालेल्या मोटारीची तार. दुधाच्या पिशव्या, धुऊन, शंभर-शंभरच्या गठ्ठ्यात. सुतळीचे गोळे. फुटलेले कंदील. सगळं नीट रचलेलं, बांधलेलं. पसारासुद्धा शिस्तीत होता.

बोळाच्या टोकाला एक दार होतं. ते अर्धंच उघडलं.

"ही खोली," मागून कौशल्याबाई म्हणाल्या. "हितं वैशूची बाज टाकायची हाए."

मी डोकं आत घालून पाहिलं. बाज सोडा, सुपारी टाकायला जागा नव्हती.

वैशाली ही त्यांची एकुलती लेक. वाटूरला दिलेली. पहिलटकरीण. पाच आठवड्यांनी सातवा लागणार, ओटी भरून माहेरी येणार. पण तिचे सासरे बाबाराव यांनी निरोप धाडला होता की आधी मी स्वतः येऊन खोली बघेन. बाज टाकायला जागा दिसली तर सून पाठवेन, नाहीतर बाळंतपण वाटूरलाच. बाबारावांना दोष देता येत नव्हता. गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलाला, म्हणजे जावयाला, याच घरात डब्यांच्या ढिगातून विंचू चावला होता.

आम्ही अंगणात येऊन बसलो. मी हवालदारसाहेबांना विचारलं, "तुम्हाला काय हवंय? काकूंना काय हवंय ते कळलं. तुम्हाला?"

त्यांनी शर्टाची बाही ओढून सरळ केली.

"मॅडम, वैशू जन्मली तव्हा मी पोस्टवर. चार महिन्यांनी पाह्यली. उचलाया गेलो तं रडली, वळखलं न्हाई. आता तिचं लेकरू तरी माझ्या दारात येऊ द्या."

"मग खोली रिकामी करायची?"

"करायची. बिलकुल करायची."

"हा डबा टाकायचा?" मी पायाजवळचा डबा दाखवला.

"तो न्हाई. तो चांगला हाए."

कौशल्याबाईंनी कपाळाला हात लावला.

त्यांनी पूर्वी एक प्रयोग केला होता. हवालदारसाहेब पेन्शनच्या कामाला भोकरदनला गेले असताना भावाला बोलावून माळा रिकामा केला. हवालदारसाहेब परत आले, माळा पाहिला आणि तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी भंगारवाल्याकडे जाऊन सगळं परत आणलं. "वर त्याचं बी थोडं आणलं," कौशल्याबाई म्हणाल्या. "म्हने आलो हाए तं घेऊन जातो."

म्हणून माझा पहिला नियम असा झाला की त्यांच्या परस्पर काडीलाही हात लावायचा नाही. दुसरा, रस्त्यातून नवीन काही आणायचं नाही. तिसरा, रोज थोडं टाकायचं आणि टाकताना बेचैनी किती होते ते शून्य ते दहा अशा मार्कांत सांगायचं. या उपचाराचा गाभा तोच आहे. वस्तू टाकली की बेचैनी चढते. तेव्हा वस्तू परत उचलायची नाही, तिथंच बसायचं. बेचैनी चढते तशी आपोआप उतरते. हे पेशंटने स्वतः अनुभवलं की पुढची वस्तू थोडी सोपी जाते. सांगून कळत नाही, करूनच कळतं.

हवालदारसाहेबांनी मार्कांना लगेच नाव दिलं, "मीटर."

मी खूश होऊन जालन्याला परतले. पाच आठवड्यांचं वेळापत्रक बसमध्येच तयार केलं.

पहिला सराव क्लिनिकमध्ये होता. घरातून पिशवीभर वस्तू आणा, इथे बसून निवडू, असं सांगितलं होतं. ते पोतंभर घेऊन आले. पहिली वस्तू बूटपॉलिशची रिकामी डबी. तिच्यावर पाऊण तास गेला. खिळे ठेवता येतात. झाकण घट्ट बसतं. आजकाल असा पत्रा मिळत नाही. मीटर नऊ. तास संपला तेव्हा डबी त्यांच्या खिशात होती. आणि जाताना त्यांनी कंपाउंडरकडून औषधांचे सात रिकामे खोके मागून नेले. सरावात एक वस्तू कमी व्हायला हवी होती, सात वाढल्या.

दुसऱ्या भेटीत मी खोदून विचारलं. हे कुठून सुरू झालं? त्यांनी बर्फातल्या पोस्टवरचा एक हिवाळा सांगितला. सहा महिने खालून काही येत नसे. स्टोव्हचा वॉशर फाटला आणि आठ माणसं गारठून बसली. कुणीतरी फेकलेल्या बुटाचा तळ यांनी उकिरड्यातून शोधून काढला, त्यातून वॉशर कापला आणि स्टोव्ह पेटला. मला वाटलं, मूळ सापडलं! मी वहीत तीन वेळा अधोरेखित केलं. मूळ सापडलं, पण त्याने हसनाबादच्या घरातला एक डबासुद्धा हलला नाही.

दोन आठवडे संपले. सरांनी विचारलं, "किती निघालं?"

"तीन बाटल्या आणि चप्पल."

"चपलेची जोडी?"

"नाही सर. एकच."

सर काही बोलले नाहीत. न बोलणं ही त्यांची रागवायची पद्धत होती.

तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा हसनाबादला गेले. एका डब्यावर वीस मिनिटं अडून बसलो होतो. मी वैतागले होते, पण तसं दाखवायचं नसतं. निव्वळ विषय बदलायचा म्हणून विचारलं, "हवालदारसाहेब, तुम्ही फौजेत नेमकं काय करायचात?"

"स्टोअरमन होतो मॅडम. क्वार्टरमास्टरच्या स्टोअरला. बर्फातून खाली आल्यावर शेवटपर्यंत तिथंच."

"म्हणजे सामान सांभाळायचं."

"हां. कंबल, तंबू, बूट, स्टोव्ह, समदं."

"मग तिथे जुनं सामान साठतच असेल. फाटके तंबू, तुटके स्टोव्ह. ते तुम्ही कसं टाकायचात?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी अश्लील बोलले.

"मी? मी कामून टाकीन? स्टोअरमन टाकत नसतो मॅडम. स्टोअरमन सांभाळतो. एक कंबल कमी भरलं तं जवाब द्यावा लागतो. टाकायचं बोर्ड ठरवतं."

"कुठलं बोर्ड?"

"कंडम बोर्ड."

माझं पेन थांबलं. मी म्हटलं, "मला सांगा. सगळं सांगा. सावकाश."

आणि हवालदारसाहेब सांगायला लागले. बसलेला माणूस उठून उभा राहिला. आवाज बदलला. वर्षातून ठरावीक वेळा बोर्ड बसायचं. एक अध्यक्ष, दोन मेंबर. स्टोअरमन एकेक वस्तू समोर मांडायचा. बोर्ड तपासायचं आणि तीनपैकी एक निकाल द्यायचं. चालू, दुरुस्ती किंवा कंडम. कंडम झालेल्या वस्तूवर लाल रंगाचा फुलीचा पट्टा. सह्या झाल्या की ती वस्तू स्टोअरची राहिली नाही. मग ती तोडतात, जाळतात, विकतात. स्टोअरमनला त्याचं सुखदुःख नाही.

"एका दिवसात किती वस्तू व्हायच्या?"

"चारशे, पाचशे. जल्दी जल्दी."

"आणि तेव्हा मीटर किती असायचं?"

ते थांबले. विचार केला. "तव्हा? शून्य."

मला आजही ती दुपार आठवली की हात शिवशिवतात. वीस वर्षांच्या नोकरीत असा क्षण दोन-तीनदाच आला. या माणसाला टाकता येत नव्हतं असं नाही. बोर्डाच्या एका दिवसात पाचशे वस्तू हातावेगळ्या केलेला माणूस होता तो. टाकणं हे आपलं काम नाही, अशी त्याची खात्री होती. घरी आला, पण स्टोअरमनच राहिला. माल येत गेला, बोर्ड मात्र पंधरा वर्षांत एकदाही बसलं नाही.

"काकू," मी ओरडलेच, "अंगणात पोतं अंथरा! आणि लाल रंग आहे का?"

"कुंकू हाए," कौशल्याबाई म्हणाल्या.

"नको, कुंकू नको."

लाल खडू निघाला. या घरात काय निघणार नाही? अध्यक्ष मी, एक मेंबर कौशल्याबाई. दुसरा मेंबर म्हणून शेजारच्या सुमनबाई भिंतीवरून पाहतच होत्या, त्यांना बोलावलं. हवालदारसाहेबांनी माल मांडला. मी निकाल दिला. "कंडम." फुली. "कंडम." फुली. "कंदील दुरुस्ती." "काच मिळत न्हाई मॅडम." "मग कंडम." एका दुपारी ब्याऐंशी वस्तू! ढीग भंगारवाल्याच्या गाड्यावर चढला तेव्हा मी मीटर विचारलं. आठ. दहा मिनिटांनी सात. चहा झाला तेव्हा पाच. ते स्वतःच चकित झाले. "उतरून राह्यलंय की मॅडम!"

मी दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये जवळजवळ धावत गेले. सगळं एका दमात सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"छान. अध्यक्ष कोण होतं?"

"मी."

"मग ब्याऐंशी वस्तू फेकल्या कोणी?"

मी वहीतली यादी बघायला लागले.

"तुम्ही फेकल्यात," सर म्हणाले. "त्यांनी फक्त मांडल्या. तुम्ही रोज हसनाबादला जाणार आहात का?"

चूक स्पष्ट होती आणि ती शिकाऊ माणसाने करावी अशी होती. पेशंटसाठी निर्णय आपण घेतला की त्याला तेवढ्यापुरतं हलकं वाटतं आणि आजार आहे तिथेच राहतो. मी फक्त परक्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसले होते. आता मला खुर्चीतून हळूहळू उठायचं होतं. आमच्या कामात याची रीत आहे. आधार एकदम काढायचा नाही, प्रत्येक वेळी थोडा थोडा काढायचा.

पुढच्या भेटीत मी हवालदारसाहेबांना सांगितलं, "आजपासून अध्यक्ष तुम्ही."

"न्हाई होत. हवालदार अध्यक्ष होत न्हाई. रूल हाए."

"तो फौजेचा रूल. या घरात तुमच्या वरचा कोण?"

त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

"माझ्याकडं कामून पाहून राह्यले?" आतून कौशल्याबाई. "मी तुमचा एक खिळा तरी हलवलाय का कव्हा? एकदा माळ्याला हात लावला तं तीन दिवस चूल थंड."

"ऑर्डर पाह्यजे मॅडम," हवालदारसाहेब म्हणाले. "लेखी. बिना ऑर्डरचं बोर्ड बसत न्हाई."

मी क्लिनिकच्या कागदावर ऑर्डर लिहिली. हसनाबाद येथील राहत्या घरातील सर्व वस्तूंबाबत निर्णय घेण्याचा संपूर्ण अधिकार सखाराम यांना आहे. इतर कोणालाही नाही, सायकॉलॉजिस्ट मॅडमनाही नाही. सरांसमोर शिक्क्यासाठी ठेवली. सरांनी तोंड वाकडं केलं, दोनदा वाचली. "चालेल," म्हणाले. "अधिकार घेणारा कागद असता तर शिक्का मारला नसता." ठप्प.

पुढच्या वेळी हसनाबादला हवालदारसाहेबांनी ऑर्डर दोन्ही हातांनी घेतली.

त्या दिवशी मी अंगणात बसले, पण निकाल दिला नाही. पहिल्या वस्तूवर ते माझ्याकडे पाहत राहिले. मी चहात पाहत राहिले. पाच मिनिटं. सहा. मग हळूच, "कंडम." पुढच्या खेपेला मी तिथे नव्हतेच. दुपारी क्लिनिकचा फोन वाजला. गावातल्या एसटीडीवरून.

"रिपोर्ट मॅडम. एकटाच होतो. पहिल्या डब्याला बारा मिनिटं हात हलला न्हाई."

"मग?"

"मंग हलला."

मी रिसिव्हर ठेवला आणि कंपाउंडरला पेढे आणायला पाठवलं. तो म्हणाला, कुणाचं लग्न? मी म्हटलं, डबा गेला एक.

नवीन माल थांबवायचा सरावही चालू होता. तो आम्ही बाजारच्या दिवशी केला. रिकाम्या हाताने बाजारात जायचं, रिकाम्या हाताने परत यायचं. ट्रॅक्टरच्या गॅरेजबाहेर ग्रीसचा एक नवाकोरा रिकामा डबा पडला होता. आम्ही त्याच्यासमोर उभे राहिलो. मीटर नऊ. उचलायचा नाही, पळायचं नाही, नुसतं उभं राहायचं. गॅरेजवाला हात पुसत बाहेर आला.

"काय हवालदार, डबा काही बोलून राह्यला का?"

"हो," हवालदारसाहेब म्हणाले. "तुला शिव्या देऊन राह्यलाय. मी ऐकून घेऊन राह्यलो."

पंधरा मिनिटांनी मीटर चार. आम्ही डब्याला तिथेच ठेवून निघालो. मागे वळून त्यांनी एकदाच पाहिलं.

पाचव्या आठवड्यापर्यंत वैशालीच्या खोलीची जमीन दिसायला लागली होती. भिंतीही. राहिला होता एक कोपरा. तेलाचे चाळीस डबे, छतापर्यंत. जावयाला विंचू चावला तो हाच ढीग. ते रोज दुसरं काही काढत आणि डबे उद्यावर टाकत. बाबाराव रविवारी येणार होते. मी बुधवारची भेट फक्त डब्यांसाठी ठेवली होती.

बुधवारी मी एसटीतून उतरले, गल्लीत वळले आणि पाय थांबले. दारात जीप उभी. जीपमध्ये, पोटावर हात ठेवून, वैशाली.

"मामंजी म्हणाले, न सांगता जायचं, मंग खरं दिसतं," ती म्हणाली. चेहरा उतरलेला. "मला म्हणाले, तू उतरू नको. जागा न्हाई दिसली तं इथूनच परत."

मी आत धावले. बोळ आता तीन फूट झाला होता, तरी खांदा आपटला. खोलीत बाबाराव उभे होते. पांढरी टोपी, पांढरं धोतर, हातात काठी. काठीचं टोक डब्यांकडे.

"तुम्हीच का त्या पसाऱ्याच्या डॉक्टर?"

"डॉक्टर नाही. सायकॉलॉजिस्ट."

"बरं. खोली झाली म्हणतात. हे काय हाए मंग? गेल्या साली हितूनच निघाला ना तो विंचू?"

हवालदारसाहेब भिंतीला पाठ लावून उभे होते. कपाळावर घाम. कौशल्याबाई दारात, डोळ्यांत पाणी. जीप सुरूच होती, तिचा आवाज आत येत होता.

माझ्या हातात वही होती. दोन गडी बोलावले तर वीस मिनिटांचं काम. पावणेदोनला परतीची बस. सगळं माझ्या डोक्यात मांडून झालं होतं. फक्त "काढा ते" म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंही.

हवालदारसाहेबांनी विचारलं, "मॅडम, बोर्ड बसवू?"

मी तोंड मिटलं. मग म्हटलं, "मला कशाला विचारता? ऑर्डर तुमच्याकडे आहे."

मी वही पर्समध्ये टाकली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले. इतकं अवघड काम मी त्या केसमध्ये दुसरं केलं नाही.

आत बराच वेळ आवाज नव्हता. मग टाचा जुळल्याचा आवाज आला.

"पाव्हणे, बसा."

"बसाया न्हाई आलो मी."

"बोर्डाला एक मेंबर कमी हाए. तुम्ही बसा. कौशल्या, तू बी."

बाबाराव काय प्रकार आहे हे न कळून पोत्यावर बसले. हवालदारसाहेबांनी वरचा डबा काढला, उजेडात धरला.

"तळाला छिद्र. कंडम. मेंबर?"

"आं? हो. कंडम," बाबाराव म्हणाले.

दुसरा. "कड गंजली. कंडम." तिसरा. "पोचा. कंडम." आवाज कापत होता, पण हात थांबत नव्हता. चौथ्यानंतर कापायचाही थांबला. डबा डब्यावर आपटत होता, खडू करकरत होता. मी बाहेरून मोजत होते. अकरा. बारा. सुमनबाईही भिंतीवरून उतरून आल्या. वैशाली कधी जीपमधून उतरून माझ्या शेजारी आली, कळलं नाही.

तेरावा डबा बाबारावांनी हातात घेतला. उलटा केला. टिचकी मारली.

"थांबा थांबा. हा तं चांगला हाए. ह्याच्यात पायलीभर जवारी ऱ्हाईल."

"कंडम हाए पाव्हणे. झाकण न्हाई."

"झाकणाचं काय, फळी टाकायची वर." आणि त्यांनी तो डबा हळूच मांडीजवळ सरकवला. पंधरावाही. सतराव्याचा पत्रा जाड निघाला, तोही.

हवालदारसाहेब थांबले. तिन्ही डब्यांकडे पाहिलं.

"पाव्हणे, ते डबे इकडं द्या."

"अवो राहू द्या की. जीपमध्ये टाकतो. कामी येतात."

कौशल्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मी बी तेच म्हणायचो," हवालदारसाहेब म्हणाले. "पंधरा वर्षं तेच म्हणत होतो. द्या इकडं."

बाबारावांनी एक डबा दिला. दुसरा दिला. तिसऱ्यावर हात तसाच राहिला.

हवालदारसाहेब त्यांच्यासमोर उकिडवे बसले. अगदी माझ्या आवाजात विचारलं, "मीटर किती? दहापैकी सांगा."

"कशाचं मीटर?"

"डबा सोडताना आत कसं होऊन राह्यलंय त्याचं."

बाबाराव विचारात पडले. खरोखर विचारात पडले. "सहा असंल," म्हणाले.

वैशाली माझ्या शेजारी इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी तिला धरलं, पण मीही हसतच होते.

चाळीस डबे दुपारी गाड्यावर चढले. हवालदारसाहेब गाडा वळणाआड जाईपर्यंत उभे होते. मीटर सात सांगितलं. खोली झाडून, सारवून झाली तेव्हा पाच. बाज आत आली तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, "पाह्यलं न्हाई मॅडम. बाज तिरकी आली दारात, त्याच्यात लक्ष होतं." जीप वाटूरला परत गेली ती बाबारावांना एकट्याला घेऊन. त्यांनी ओटीभरणाचा मुहूर्त तिथेच ठरवला आणि सुनेचं सामान दुसऱ्या दिवशी धाडलं. माझी पावणेदोनची बस चुकली. पुढची साडेचारला होती. मी नव्या जमिनीवर बसून वैशालीबरोबर भाकरी खाल्ली.

नात भोकरदनच्या दवाखान्यात झाली. तिला आजोबांनी अर्ध्या तासात पाहिलं. पाचव्या दिवशी ती त्या खोलीत आली.

बाकीच्या दोन खोल्यांना आणखी दीड वर्ष लागलं. मागचा गोठा पूर्ण रिकामा झालाच नाही. मधल्या काळात ते दोनदा घसरले, एकदा गणपतीनंतर आणि एकदा आजारपणात. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच बोर्ड बसवलं आणि मला नंतर कळवलं. हा आजार पूर्ण पुसला जात नाही. पण चालायला वाट राहते आणि घरात माणूस राहतो, एवढं होतं.

त्यानंतर नव्या पेशंटकडे गेले की वस्तूंची यादी मी सर्वांत शेवटी करते. आधी विचारते, या घरात टाकायचं कोण ठरवतं? बहुतेक घरांत उत्तर येत नाही. मग तो अधिकार पेशंटच्या हातात द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. यातला दुसरा भाग मला अजूनही जड जातो.